मानुषविद्या

मुलगा शिकून काय होणार, असा प्रश्न कोणत्याही घरी विचारला तर उत्तर तत्काळ मिळते. तो अभियंता होणार, वैद्य होणार, अधिकारी होणार. परंतु शिकून तो मनुष्य कसा होणार, असे विचारले तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो. मनुष्य तर तो जन्मतःच आहे, असे त्यास वाटते. आपल्या शास्त्रांचे मत निराळे आहे. मनुष्यदेह जन्माने लाभतो. मनुष्यत्व अभ्यासाने संपादावे लागते. भूक, झोप, भय आणि संततीची ओढ या गोष्टी मनुष्यात व पशूत सारख्याच आहेत, आणि दोहोंत भेद करणारी वस्तू धर्म होय, असे नीतिकारांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. येथे धर्म या शब्दाचा अर्थ पूजाविधी एवढाच घेणे योग्य नव्हे. ‘हे मला करता येते’ आणि ‘हे मी करावे’ या दोन वाक्यांतील अंतर ज्याच्या ध्यानी येते, त्याच्या ठिकाणी धर्मबुद्धी जागी झाली असे समजावे. वाघाला शिकार करता येते आणि भूक लागताच तो ती करतो. सामर्थ्य असताना, इच्छाही असताना, ‘हे उचित नव्हे’ एवढ्याच कारणाने हात आवरणे हे मनुष्याचे लक्षण आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीने ज्या गोष्टी सांभाळावयाच्या त्यांची गणना आली आहे. सत्य, तप, दम, शम, अतिथिसत्कार यांच्या पंक्तीत तेथे ‘मानुष’ असा एक शब्द येतो. श्रीशंकराचार्य त्याचा अर्थ लौकिक व्यवहार असा करतात. मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे हाही अध्ययनाचा विषय आहे, आणि तो अग्निहोत्राच्या शेजारी बसविण्याइतका महत्त्वाचा आहे, हे त्या गणनेवरून स्पष्ट होते. आज भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांस विद्यापीठांत मानव्यविद्या म्हणतात. या विद्यांचे खरे प्रयोजन काय, आणि गृहस्थाच्या घरात त्यांना स्थान कोणते, याचा विचार गीतेच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भिलाईचे दोन वारसे

या विचारासाठी छत्तीसगढमधील भिलाई नगरी हे उत्तम उदाहरण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून लोहखनिज येऊ लागले, आणि भिलाईत घडलेले रूळ देशभर अंथरले गेले. भाताच्या शेतांच्या या प्रदेशात आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, महाराष्ट्र अशा सर्व प्रांतांतील कुटुंबे येऊन वसली. त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत यश मिळविणारे नगर असा भिलाईचा लौकिक झाला. २०१६ साली येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्था सुरू झाली, आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी कुटेलाभाठा येथील तिचा परिसर राष्ट्राला समर्पित झाला. त्या संस्थेतही तंत्रविषयांबरोबर मानव्यविद्यांचा विभाग आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भिलाईचा हा एक वारसा झाला. दुसरा वारसा याहून पुष्कळ जुना आहे. या भागातील खेड्यापाड्यांत पांडवांची कथा गाऊन सांगण्याची परंपरा आहे. तिला पंडवानी म्हणतात. भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई या परंपरेच्या सुविख्यात गायिका होत. लहानपणी त्यांना शाळा लाभली नाही. मातामह ब्रजलाल हे सबलसिंह चौहान यांच्या महाभारतातील कथा गात, त्या ऐकून ऐकून बालिकेच्या मुखी बसल्या. पंडवानीचे दोन प्रकार आहेत. वेदमती प्रकारात बसून, ग्रंथाला धरून गातात. कापालिक प्रकारात उभे राहून, स्मरणाच्या व प्रतिभेच्या बळावर कथा विस्तारतात. स्त्रियांनी बसून गावे असा त्या काळी संकेत होता. तीजनबाई वयाच्या तेराव्या वर्षी उभ्या राहून गाऊ लागल्या. त्यासाठी त्यांना स्वजनांचा रोष व बहिष्कारही सोसावा लागला. पुढे नाट्यकार हबीब तन्वीर यांनी त्यांचा गुण ओळखला, आणि देशोदेशीच्या श्रोत्यांनी त्यांच्या मुखाने भीम व द्रौपदी यांची कथा ऐकली. हातातील मोरपिसे लावलेला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य होई. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. आणि विशेष हे की, याच तीजनबाई भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या. एकाच नगरीत एकीकडे झोतभट्टीतून लोह वाहत होते आणि दुसरीकडे महाभारत. या दोहोंपैकी कोणता वारसा मुलांस द्यावा, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. महाभारत या प्रश्नाचे उत्तर कसे देते ते आता पाहू.

एक गुरू, एक विद्या, दोन शिष्य

द्रोणाचार्यांनी आपल्या शिष्यांस धनुर्वेद शिकविला. सर्वश्रेष्ठ अस्त्राची विद्या अर्जुनास मिळाली, आणि ती द्रोणपुत्र अश्वत्थाम्यासही मिळाली. गुरू एक, विद्या एक, सराव एक. परीक्षेत गुण द्यावयाचे झाले असते तर दोघांत फारसे अंतर पडले नसते. परंतु युद्ध संपल्यावर, सौप्तिक पर्वात, असा प्रसंग येतो की दोघांनीही आपापले अस्त्र सोडले आहे आणि दोन अस्त्रांच्या ज्वाळांनी सृष्टी होरपळते आहे. तेव्हा व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात व अस्त्रे परत घेण्यास सांगतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते परत घेता येत नाही. सोडण्याची विद्या दोघांपाशी होती. आवरण्याचे सामर्थ्य एकाच्याच ठिकाणी होते. हे सामर्थ्य संयमी पुरुषाच्याच ठिकाणी असते, असे महाभारतकार कारणही सांगतात. न आवरलेले ते अस्त्र अखेर उत्तरेच्या उदरातील अजात बालकावर जाऊन पडते.

या कथेचा पूर्वभाग गृहस्थांनी विशेष मनन करण्याजोगा आहे. अश्वत्थाम्याने पित्याकडे हे अस्त्र मागितले तेव्हा द्रोणाचार्य प्रसन्न नव्हते. पुत्राची चंचल वृत्ती त्यांना ठाऊक होती. हे अस्त्र अत्यंत संकटातही, विशेषतः मनुष्यांवर, सोडू नकोस, असे त्यांनी बजावलेही. तरीपण त्यांनी ते दिले. अर्जुनाला मिळाले ते आपल्या पुत्राला मिळाले नाही, ही गोष्ट त्या पित्याला सहन झाली नसावी. शेजारच्या मुलाने जी परीक्षा दिली ती आपल्या मुलानेही दिलीच पाहिजे, असे म्हणणारा आजचा पिता द्रोणाचार्यांपासून फार दूर नाही. पुत्राची वृत्ती कशी आहे, त्याचे मन कोठे रमते, सामर्थ्य हाती आल्यावर तो त्याचे काय करील, हे प्रश्न मागे राहतात आणि विद्या पुढे धावते.

आता अर्जुनाकडे पाहावे. त्याचे शिक्षण अपुरे होते असे कोण म्हणेल? द्रोणांपाशी धनुर्वेद, महादेवापासून पाशुपतास्त्र, इंद्रलोकी दिव्यास्त्रे, चित्रसेन गंधर्वापाशी नृत्यगायन, एवढे सर्व शिकलेला हा पुरुष कुरुक्षेत्रावर उभा राहतो, आणि त्याच्या हातून गांडीव गळू लागते. धनुष्य मोडलेले नव्हते. अस्त्रांचे मंत्र विसरलेले नव्हते. बाण कसा सोडावा हा प्रश्न नव्हताच. बाण सोडावा की सोडू नये, हा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर धनुर्वेदात नाही. म्हणून दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात तो प्रौढ, कीर्तिमान धनुर्धर पुन्हा एकदा शिष्य होतो. गीता हे एका सुशिक्षित मनुष्याचे दुसरे शिक्षण आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

गीतेच्या मते ज्ञान कशाला म्हणावे

तेराव्या अध्यायात सातव्या ते अकराव्या श्लोकांत भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव, आचार्योपासना अशी ती मालिका आहे. तीत एकाही विषयाचे नाव नाही. गणित नाही, व्याकरण नाही, धनुर्वेद नाही. ज्ञान म्हणजे जाणणाऱ्याची वृत्ती, अशी ही दृष्टी आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायात या एकेका लक्षणाचा जो विस्तार केला आहे, तो मराठी वाचकांस परिचितच आहे.

या मालिकेतील एक लक्षण गृहस्थासाठी आरशासारखे आहे. पुत्र, पत्नी, घर इत्यादींच्या ठिकाणी अनभिष्वंग असावा, असे भगवान सांगतात. अभिष्वंग म्हणजे काय ते आचार्यांनी भाष्यात उलगडले आहे. दुसरा सुखी झाला की ‘मीच सुखी’ आणि दुसरा दुःखी झाला की ‘मीच दुःखी’, अशी एकरूपतेची भावना म्हणजे अभिष्वंग. परीक्षेचा निकाल लागतो मुलाचा, आणि पिता म्हणतो, ‘मी उत्तीर्ण झालो’. मुलगा मागे पडतो, आणि माता म्हणते, ‘माझे तोंड काळे झाले’. हे प्रेम आहे असे त्यांस वाटते. वस्तुतः येथे मुलगा दिसेनासा झाला आहे. त्याच्या जागी स्वतःचीच प्रतिमा उभी आहे. कित्येक मुले या ओझ्याखाली वाकतात, आणि काही मोडूनही जातात. त्याच श्लोकात पुढे इष्ट व अनिष्ट प्राप्त झाले असता चित्त सम ठेवावे, असे सांगितले आहे. निकालाच्या दिवशी हा श्लोक घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम आपल्यासाठी वाचावा. मुलाला उपदेश करण्याची वेळ त्यानंतरची आहे.

शंका आणि समाधान

येथे पहिली शंका अशी की, कथा, काव्य व इतिहास यांनी पोट भरत नाही. मग त्यांचा अभ्यास कशासाठी? समाधान असे. पोट भरण्याची विद्या शिकू नये, असे कोणी म्हणत नाही. अठराव्या अध्यायात आपापल्या कर्मात रत असलेल्या मनुष्यास सिद्धी मिळते, असे स्पष्ट सांगितले आहे. झोतभट्टीपाशी उभा राहून रात्रपाळी करणारा कामगार निष्ठेने काम करीत असेल तर तेही पूजनच आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले व १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ याच कर्मयोगाचे प्रतिपादन करते. त्याचा हिंदी अनुवाद करणारे पंडित माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषा असलेले, छत्तीसगढमध्ये कार्य केलेले विद्वान होते. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले होते. यास्तव तंत्रविद्या आणि मानुषविद्या यांत वैर मानण्याचे कारण नाही. भिलाईचा रूळ गाडीला नीट नेतो. गाडीत बसून कोठे जावयाचे, हे रूळ सांगू शकत नाही. तो निर्णय प्रवाशाचा आहे, आणि निर्णय करण्याचा अभ्यास कथा, काव्य व इतिहास यांच्यात होतो. धर्मराजाने द्यूताला होकार द्यावयास हवा होता काय? भीष्मांनी सभेत मौन धरणे योग्य होते काय? या प्रश्नांवर ज्या घरात वाद होतो त्या घरातील मुले पुढे आपल्या आयुष्यातील सभेत मौन धरण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

दुसरी शंका अशी की, साहित्य व शास्त्र शिकलेले लोकही अहंकारी व कठोर असतात. मग या विद्यांनी मनुष्यत्व येते हे कसे मानावे? ही शंका यथार्थ आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे जातात तेव्हा आपण काय काय शिकलो ते सांगतात. त्यांत चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, गणित, तर्क, नीती, नक्षत्रविद्या सर्व आहे. म्हणजे ज्यांस आज विज्ञान व मानव्य म्हणतात त्या दोन्ही शाखा आल्या. तरी ते म्हणतात की आपण शोकात आहोत. विषय कोणताही असो, तो केवळ पाठ झाला तर नारदांचीच स्थिती होते. अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभक्त दिसणाऱ्या सर्वांत एक अविभक्त तत्त्व पाहणारे ते सात्त्विक. सर्वत्र भेदच पाहणारे ते राजस. आणि एकाच तुकड्याला चिकटून तेच सर्वस्व मानणारे ते तामस. यंत्रापलीकडे काही नाही असे मानणारा यंत्रज्ञ जसा या तिसऱ्या कोटीत जातो, तसाच व्याकरणापलीकडे काही नाही असे मानून कामगाराला तुच्छ लेखणारा पंडितही जातो. शाळा न पाहिलेल्या गायिकेच्या मुखाने महाभारत जिवंत राहिले, ही गोष्ट पंडितांनी नम्रतेने स्मरणात ठेवावी. मात्र यावरून शाळा अनावश्यक ठरत नाहीत. तीजनबाईंनाही ऐकविणारे मातामह होते, उमेदसिंह देशमुख यांचे मार्गदर्शन होते, आणि अनेक वर्षांचा अभ्यास होता. गुरू, श्रवण आणि परिश्रम यांवाचून कोणतीच विद्या येत नाही.

तिसरी शंका आजच्या काळाची आहे. आता गणकयंत्रे लेख लिहितात, प्रश्नांची उत्तरे देतात, श्लोकांचा अर्थही सांगतात. मग मनुष्याचे वेगळेपण उरले कोठे? समाधानासाठी गीतेचा शेवट पाहावा. अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात भगवान अर्जुनाला सांगतात की, मी सांगितलेल्या या गुह्य ज्ञानाचा पूर्णपणे विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. साक्षात ईश्वर उपदेशक असूनही निर्णय शिष्यावर सोपविला आहे. पुढे त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की मोह गेला, स्मृती लाभली, संशय फिटला. ही स्मृती पाठांतराची नव्हे; आपण कोण आणि आपले कर्तव्य काय, याची ती ओळख आहे. यंत्रापाशी माहितीचा साठा मोठा असेल. परंतु स्वजनांकडे पाहून यंत्राचे गात्र शिथिल होत नाही, आणि निर्णयाचे पापपुण्य यंत्राला लागत नाही. उत्तर यंत्राने दिले तरी ते स्वीकारल्याचा भार मनुष्याच्याच माथी राहतो. ज्याला शोक होऊ शकतो, जो प्रश्न करू शकतो, आणि आपल्या कर्माचे उत्तरदायित्व जो स्वीकारतो, तो मनुष्य होय. यंत्रे जितकी समर्थ होतील तितकी ही मानुषविद्या अधिक आवश्यक होईल. अस्त्र जेवढे मोठे, तेवढे ते आवरणाऱ्याचे मन मोठे हवे.

गृहस्थाने काय करावे

यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. भिंतींच्या आत, कैद्यांसमोर जो अभ्यास होऊ शकला तो घरात सहज होऊ शकेल. पुढील नियम प्रत्येक कुटुंबाने आपल्या सोयीने पाळून पाहावेत.

१. दिवसातून एकदा, शक्यतो सायंकाळी, घरातील सर्वांनी एकत्र बसून थोडे वाचन करावे. गीतेचे दोन श्लोक, ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या किंवा महाभारतातील एखादी कथा पुरे. वाचन मातृभाषेत आणि मोठ्याने असावे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याविषयी अधिक दक्ष असावे.

२. वाचल्यावर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. चौथ्या अध्यायात गुरूकडून ज्ञान मिळविण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत नमन व सेवा यांच्या मध्ये परिप्रश्नाला स्थान आहे. पंडवानीतही मुख्य गायकासोबत रागी असतो. तो हुंकार देतो, मध्येच विचारतो, आणि त्यामुळे कथा पुढे सरकते. ज्या घरात मुलांचा हुंकार बंद झाला तेथे उपदेश व्यर्थ होय.

३. मुलाच्या गुणांची तुलना दुसऱ्या मुलाशी करू नये. तुलना करावयाचीच असेल तर त्याच्या कालच्या वृत्तीशी आजच्या वृत्तीची करावी. काल तो खोटे बोलला, आज बोलला नाही, ही प्रगती कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. ती मातापित्यांनीच पाहावयाची असते.

४. मुलाचा कल साहित्य, इतिहास, संगीत किंवा शिक्षकी पेशा यांकडे असेल तर त्यास दुर्बळ समजून वळवू नये. स्वभावानुरूप कर्म सदोष वाटले तरी टाकू नये, असे गीता सांगते. त्याचप्रमाणे अभियांत्रिकीकडे कल असणाऱ्यास कथा-काव्यापासून तोडू नये.

५. आठवड्यातून एक काम असे करावे की ज्यात मुलाचा लाभ नाही. वृद्ध शेजाऱ्याचे पत्र वाचून दाखविणे, कामावरच्या बाईच्या मुलाला अक्षरे शिकविणे, आजाऱ्यापाशी बसणे. लोकसंग्रह हा शब्द अशा कामांनीच मुलांस कळतो.

६. घरातील वडीलधाऱ्यांनी आपले वर्तन तपासावे. तिसऱ्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे श्रेष्ठ जे आचरतात तेच इतर लोक करतात. लहान मुलांच्या दृष्टीने श्रेष्ठ म्हणजे मातापिता. राग आला असता पित्याने उगारलेला हात खाली घेतला, हे पाहणाऱ्या मुलाला अस्त्र परत घेण्याची विद्या तेथेच मिळते.

द्रोणाचार्यांनी पुत्राला सर्व काही दिले. जे आवरता आले पाहिजे ते मात्र दिले नाही. त्या एका उणिवेची किंमत जन्मालाही न आलेल्या बालकाला मोजावी लागली, आणि भगवंतांनी त्याचे रक्षण केले म्हणून परीक्षिताचा वंश राहिला. प्रत्येक गृहस्थाच्या हाती एक मूल आहे आणि त्या मुलाच्या हाती उद्या काही ना काही सामर्थ्य येणार आहे. ते सामर्थ्य येण्यापूर्वीची ही थोडी वर्षे मानुषविद्येच्या अभ्यासाची आहेत. ती वाया जाऊ देऊ नयेत.